दुसऱ्या पेटीतलं वजन

१

“बाळ ठीक आहे,” केबिनचं दार लावता लावता नम्रता मॅडम म्हणाल्या, आणि काहीतरी मुळीच ठीक नाही हे मला तेव्हाच कळलं. ठीक असलेल्या बाळाविषयी कुणी दार लावून बोलत नाही.

आमची कंपनी खडकीत आहे. नवजात बाळांना शिरेतून थेंबाथेंबाने औषध देणारे पंप आम्ही बनवतो. मधोमध एक यंत्र, त्याला जोडलेले चार पंप, चार काचेच्या पेट्या. बाळाचं वजन किती, त्यावर औषधाचा वेग ठरतो, आणि तो हिशेब आमचं सॉफ्टवेअर करतं. काही रुग्णालयांत हे यंत्र चाचणीसाठी बसवलं होतं. त्यातल्या एकात दुसऱ्या पेटीतल्या पंपाने अचानक दुपटीहून जास्त वेगाने औषध सोडायला सुरुवात केली. ड्यूटीवरच्या शालन सिस्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पंप बंद केला म्हणून बाळ वाचलं.

“मग त्यांचा सत्कार करायला हवा,” मी म्हणाले.

“त्यांना निलंबित केलंय.” मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. “दुसऱ्या पेटीतलं बाळ मुदतीआधी जन्मलेलं. बेबी ऑफ राधा. वजन तेराशे ग्रॅम. पंपाने हिशेब केला तो एकोणतीसशे ग्रॅमवर. आणि त्याच दुपारी चौथ्या पेटीत एक नवीन बाळ आलं होतं. त्याचं वजन किती असेल सांग.”

“एकोणतीसशे.”

“बरोब्बर एकोणतीसशे. म्हणजे नवीन बाळाचं वजन सिस्टरांनी चुकून दुसऱ्या पेटीच्या पडद्यावर टाकलं. गुरुवारी रुग्णालयात चौकशी आहे. आपलं सॉफ्टवेअर तपासलं, दोष नाही, असं पत्र त्यांना हवंय. तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस, या यंत्राला तुझा हात लागलेला नाही. म्हणून सही तुझी.”

अशा कारणाने घरी बसलेल्या नर्सला पुन्हा कुठलं रुग्णालय घेतं? मी कागद हातात घेतला, पण पेन नाही.

“मला बघू द्या तरी, मॅडम.”

“बघ की. पण प्रियदर्शनी, फार खोलात जाऊ नकोस. गुरुवार लांब नाही.”

मी जागेवर येऊन आधी पाळणाघरात फोन केला. माझी लेक यशो झोपली होती. “श्वास नीट चाललाय ना?” असं मी विचारणार होते, ते गिळलं. तिथल्या काकू त्या प्रश्नाला अलीकडे उत्तर देत नाहीत.

२

संशय घ्यायचा तर आमच्याकडे दोघांवर घेता येत होता.

पहिले अनिरुद्ध सर. राहणार नारायण पेठ. पंपाच्या सॉफ्टवेअरचा गाभा त्यांनी लिहिलाय आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. त्यांचं सगळं काम डीबगरवर. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला हवं तिथे थांबवून त्याच्या पोटात डोकवायची सोय.

“बस,” ते म्हणाले. “उभ्याने संशय घेतला की पाय दुखतात.”

“सर, वजन आपोआप बदलू शकतं का?”

“नारायण पेठेत पार्किंग आणि माझ्या कोडमध्ये बग, दोन्ही शोधून दाखव. चहा माझ्याकडून.”

“तुम्ही तपासलंत?”

त्यांनी चष्मा काढला. याचा अर्थ प्रश्न त्यांना लागला होता. “डीबगर लावून ओळन् ओळ चालवलीय मी. बाळाची नोंद केली, वजन टाकलं, औषध सुरू केलं, प्रत्येक पायरीला थांबून बघितलं. तेराशे ते तेराशेच.”

“किती पेट्या जोडल्या होत्या?”

“एक. हिशेब एका पेटीचा असतो, प्रियदर्शनी. सामुदायिक नसतो.”

दुसरा शुभंकर. वयाने माझ्यापेक्षा लहान, आमच्या टेस्टचा कारभार त्याच्याकडे. रोज आपोआप चालणाऱ्या शेकडो टेस्ट त्याने बसवल्या आहेत आणि त्या सगळ्या तो मेमरी चेकरखाली चालवतो. प्रोग्रॅम मेमरीतून जे जे वाचतो आणि लिहितो, त्या प्रत्येकावर हा चेकर नजर ठेवतो. टाकून दिलेल्या जागेतून काही वाचलं की लगेच तक्रार करतो. मला हा प्रकार घरचा वाटतो. यशो रांगायला लागल्यापासून मी दुसरं काय करते?

“अगं, फुल ग्रीन आहे,” शुभंकरने पडदा माझ्याकडे फिरवला. पडदाभर हिरवे ठिपके. “वजन बदल, औषध बदल, नाव बदल, लाइट गेली, लाइट आली, एव्हरीथिंग. सिस्टरने घोळ घातलाय, सिंपल आहे.”

“अनिरुद्ध सरांचं आणि तुझं पहिल्यांदाच एकमत झालंय.”

“तेच तर! त्यांचा डीबगर म्हणतो ठीक, माझा चेकर म्हणतो ठीक. दोन साक्षीदार आहेत, यार. अजून काय पाहिजे?”

दोन साक्षीदार. पण दोघांना एकत्र बसवून कुणी कधी काही विचारलं नव्हतं. एक डीबगरवाला, एक चेकरवाला, आणि मध्ये प्लायवुडची भिंत. हे मला तेव्हा फक्त खटकलं. त्याचा अर्थ अजून लागला नव्हता.

पत्रावर सहीची जागा कोरीच होती. तिसऱ्या व्यक्तीला भेटल्याशिवाय मी सही करणार नव्हते, आणि त्या व्यक्तीला कंपनीतल्या कुणीच भेटलं नव्हतं.

३

शालन सिस्टर येरवड्यात राहतात. दारातच त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“कंपनीच्या ना? मग माझा जबाब तुमच्याकडे आहेच की. परत कशाला आलात?”

“मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

“वजनाला हात लावला नाही. औषधाला लावला नाही. हेच सांगितलं, हेच सांगणार.” त्या बाजूला झाल्या. “या आत. चपला राहू देत, फरशी गारठलीय.”

आत त्यांची सून शेंगा सोलत बसली होती, ती उठून गेली. निलंबनाचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“चौथ्या पेटीतल्या बाळाचं वजन तुम्हीच टाकलंत?”

“मीच. चौथ्याच्या पडद्यावर. मग पाठ फिरवली आणि दुसऱ्याच्या पंपाचा आवाज बदललेला ऐकू आला. त्या आवाजाची सवय असते हो आम्हाला. बघते तर धार लागलेली. आधी बंद केला, मग डॉक्टरांना हाक मारली.”

“तेव्हा दुसऱ्याच्या पडद्यावर वजन किती दिसत होतं?”

“तेराशे.” त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “पडद्यावर तेराशेच होतं. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. सगळे म्हणतात, सिस्टर, घाबरल्यामुळे तुम्हाला तसं वाटलं.”

वजन चुकून टाकलं असतं, तर पडद्यावर एकोणतीसशे दिसलं असतं. पडद्यावर एक आणि पंपाला दुसरं, हे कुठल्याही सिस्टरच्या बोटाने होण्यासारखं नाही. पण या गोष्टीला पुरावा नव्हता. एका घाबरलेल्या बाईचा शब्द, बस्स.

“बाळ कसं आहे आता?” मी उठता उठता विचारलं.

आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “स्वरदा ना? छान आहे. दूध ओढायला लागली, असं कळलं. मला वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत, पण मैत्रिणी सांगतात.”

मी दारात थांबले.

यशो जन्मली तेव्हा तीही पेटीत होती. तिच्या हातातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ प्रियदर्शनी’ एवढंच होतं. बारसं होईपर्यंत रुग्णालयात बाळाला स्वतःचं नाव नसतं, ते आईच्या नावाने ओळखलं जातं. सिस्टर लोकही त्यांना पेटीच्या नंबराने हाक मारतात. कंपनीच्या कागदावर हे बाळ ‘बेबी ऑफ राधा’ होतं. पेटीतल्या बाळाचं बारसं कुणी केलं?

“सिस्टर, तिचं नाव तुम्हाला कसं माहीत?”

शालन सिस्टरांनी पदर सावरला आणि त्या खिडकीकडे पाहू लागल्या.

“तुम्ही वजनाला हात लावला नाहीत. औषधाला लावला नाहीत. पण दुसऱ्याच्या पडद्यावरच्या नावाला लावलात.”

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “हे सांगितलं तर माझी नोकरी नक्की जाईल.”

४

त्यांनी सांगितलं ते असं. राधा रोज काचेबाहेर उभी राहायची. मूल घरी जाईल की नाही याची खात्री नव्हती. त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, सिस्टर, आम्ही नाव ठरवलंय, निदान त्या पडद्यावर तरी तिचं नाव लिहा, तेच बारसं समजू. वॉर्डाचा नियम असा की नाव फक्त रेकॉर्ड ऑफिसने बदलायचं. पण त्या आईच्या तोंडाकडे बघून शालन सिस्टरांना नाही म्हणवलं नाही. पंप चालू असताना त्यांनी ‘बेबी ऑफ राधा’ खोडून ‘स्वरदा’ लिहिलं. राधाने काचेतून हात जोडले. दुपारी चौथ्या पेटीत नवीन बाळ आलं.

“नाव बदललं म्हणून वजन बदलतं का कधी?” त्यांनी मला विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मी ऑफिसात आले ती थेट शुभंकरच्या खुर्चीमागे.

“नाव बदलायची टेस्ट आहे म्हणालास ना? चालव.”

त्याने चालवली. बाळाची नोंद, औषध सुरू, मध्येच नाव बदल, डोस तपास. हिरवा ठिपका.

“बघ.”

“हिरवा म्हणजे नक्की काय?”

“म्हणजे डोस बरोबर आला.”

“आणि चेकर काय म्हणाला?”

“काही म्हणाला असता तर...” शुभंकर मध्येच थांबला. मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती हळूहळू लाल होत गेली.

“तर काय, शुभंकर?”

“तर टेस्ट फेल व्हायला पाहिजे होती.” त्याचा आवाज एकदम खाली गेला. “पण ते मी काढून टाकलं होतं. पडद्यासाठी बाहेरून घेतलेला रेडिमेड कोड आहे ना, त्या लायब्ररीवरून चेकर सारखा कुरकुर करायचा, रोज सगळं लाल. अनिरुद्ध सर सगळ्यांसमोर म्हणायचे, तुझं कुत्रं पोस्टमनवर भुंकतंय, बांधून ठेव. मग मी टेस्टला एवढंच सांगितलं की प्रोग्रॅमचं उत्तर बघ. चेकर चालू ठेवला, पण तो बोलतो ते कुठेही पोचत नाही.”

“म्हणजे पहारेकरी आहे, तो ओरडतोही आहे, आणि ऐकायला कुणी नाही.”

भिंतीपलीकडून आवाज आला, “तरी उत्तर बरोबर येतंय ना? मग ओरडतोय कशाला?”

अनिरुद्ध सर उठून आले होते. प्रश्न खोचक होता, पण अगदी नेमका. चेकरला काही दिसत असेल, तर डोस बरोबर का?

“दोघं एका मशीनवर बसा,” मी म्हणाले. “चेकरखाली टेस्ट चालू राहू दे, आणि त्यालाच सरांचा डीबगर जोडा. चेकरने पहिली तक्रार केली की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबायला हवा. तक्रार नंतर वाचायची नाही. ज्या क्षणी होते, त्या क्षणी आत बघायचं.”

“असं जोडता येतं?” शुभंकर म्हणाला.

“येतं,” अनिरुद्ध सर म्हणाले. “पण त्यासाठी भिंतीच्या या बाजूला यावं लागतं. मला कधी बोलावलं नाही कुणी.”

त्यांनी खुर्ची ओढली. टेस्ट सुरू झाली. पडद्याच्या लायब्ररीच्या एक-दोन कुरकुरी आल्या, त्या त्यांनी बघून सोडून दिल्या. मग नाव बदललं गेलं, आणि पुढच्याच डोसला प्रोग्रॅम गचकन थांबला.

५

तिघेही पडद्याकडे बघत होतो.

“टाकून दिलेल्या जागेतून वाचतोय,” शुभंकर कुजबुजला. “डोसचा हिशेब.”

“ज्या नोंदीतून वजन घेतोय, तिच्यावर नाव काय आहे?” मी विचारलं.

अनिरुद्ध सरांनी डीबगरला विचारलं. उत्तर आलं. टेस्टमध्ये मी तेच नाव टाकायला लावलं होतं: ‘बेबी ऑफ राधा’.

“आणि पडदा ज्या नोंदीतून दाखवतोय?”

‘स्वरदा’.

एकाच बाळाच्या दोन नोंदी. एक जिवंत, एक टाकून दिलेली. आणि औषध चाललं होतं टाकून दिलेल्या नोंदीवर.

मला सगळं एकदम दिसलं, पण मी हळूच बोलले, कारण हे मलाच तपासून बघायचं होतं. “नाव बदललं की प्रोग्रॅम जुनी नोंद दुरुस्त करत नाही. नवीन नोंद बनवतो आणि जुनी फेकून देतो. पडद्याला नवीन नोंदीचा पत्ता कळवतो. डोसच्या हिशेबाला कळवत नाही. तो जुन्याच पत्त्यावर वजन विचारायला जातो.”

“आणि तिथे तेराशेच मिळतं,” शुभंकर म्हणाला. “कारण चेकर फेकलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाही, मुद्दाम अडवून ठेवतो. जुनं वजन तसंच पडून राहतं. म्हणून डोस बरोबर. म्हणून माझं ग्रीन.”

“सरांनी डीबगरने बघितलं तेव्हा पेटी एकच होती, आणि नावही त्यांनी बदललं नाही. हाताने तपासताना आपण टेस्टमधल्या बाळाला पहिल्यापासून नाव देतो. बिननावाचं बाळ फक्त वॉर्डात असतं.”

“वॉर्डात जागा कुणी अडवून ठेवत नाही,” अनिरुद्ध सर म्हणाले. त्यांच्या आवाजातला पेठेचा कोरडेपणा गेला होता. “दुपारी चौथ्या पेटीत बाळ आलं. त्याच्या नोंदीला जागा हवी होती. जी नुकतीच मोकळी झाली होती, तीच मिळाली. दुसऱ्या पेटीचा पंप नेहमीच्या पत्त्यावर गेला आणि एकोणतीसशे घेऊन आला.”

पडद्यावर तेराशे, पंपात एकोणतीसशे. शालन सिस्टरांना जे दिसलं तेच घडलं होतं.

“जुनी नोंद कुठे फेकली गेली, तेही चेकर सांगतो,” शुभंकर म्हणाला आणि त्याने बोट ठेवायचं टाळलं. ओळ पडद्यावर होतीच. नाव बदलण्याचा भाग. लिहिणाऱ्याची आद्याक्षरं शेजारी.

अनिरुद्ध सरांनी आपलीच आद्याक्षरं वाचली. चष्मा काढला नाही. उठले आणि म्हणाले, “मॅडमकडे चला.”

नम्रता मॅडमनी सगळं ऐकलं, दोनदा. मग म्हणाल्या, “म्हणजे सिस्टरनी नियम मोडून नाव बदललं नसतं, तर हे झालंच नसतं.”

“मॅडम, तो नावाचा रकाना आपण पडद्यावर ठेवलाय,” मी म्हणाले. “कुणीही बदलू शकेल असा.”

“मी नाही म्हणत नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. बाकीच्या रुग्णालयांतली यंत्रंही एकेक करून बदलू. गाजावाजा न करता. पत्रात ‘दोष आढळला नाही’ लिहू नका, ‘तपास चालू आहे’ लिहा.”

“तपास चालू आहे म्हटलं की चौकशी सिस्टरांवर संपेल.”

“कंपनीत साठ माणसं आहेत, प्रियदर्शनी. त्यांच्या घरचं कोण बघणार?”

प्रश्न खोटा नव्हता. माझं स्वतःचं घरही त्याच साठांत होतं. पाळणाघर, यशोच्या लसी, माझ्या नवऱ्याच्या, तेजसच्या नोकरीचा भरवसा नाही, हे सगळं डोक्यातून गेलं.

“बाकीच्या रुग्णालयांत आत्ता या क्षणी आपली यंत्रं चालू आहेत,” मी म्हणाले. “कुठल्या पेटीपुढे कुठली आई उभी राहून नाव सांगतेय, तुम्हाला माहीत आहे का? मला नाही माहीत. मला बसवत नाहीये, मॅडम.”

मॅडमनी फोन उचलला आणि यादीतल्या पहिल्या रुग्णालयाचा नंबर लावायला सांगितला. फोन लागेपर्यंत आमच्याकडे न बघता म्हणाल्या, “गुरुवारी कोण जाणार? पत्र पुरणार नाही आता.”

“मी,” अनिरुद्ध सर म्हणाले.

६

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. शालन सिस्टर एका टोकाला, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी आणि अनिरुद्ध सर भिंतीशी. आत जाण्यापूर्वी मी सिस्टरांना विचारलं होतं, नावाचं आम्ही सांगू की तुम्ही? त्या म्हणाल्या होत्या, मी सांगते.

आणि त्यांनी सांगितलं. काच, राधा, नाव, सगळं. चौकशी घेणाऱ्या रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या कपाळावर आठी आली.

“म्हणजे पंप चालू असताना तुम्ही परवानगीशिवाय नोंद बदललीत.”

“नाव बदललं, साहेब.”

“आणि त्यानंतर तेराशेचे एकोणतीसशे झाले. कुणी केले?”

शालन सिस्टर बोलायच्या आत अनिरुद्ध सर उभे राहिले. सॉफ्टवेअर म्हणतील, कंपनी म्हणतील, असं मला वाटलं होतं. रिक्षात तसंच बोलणं झालं होतं.

“मी केले,” ते म्हणाले. “नाव बदललं की वजन हरवेल असा प्रोग्रॅम मी लिहिला. ते दाखवून देणारा तपासनीस आमच्याकडे होता, तो माझ्या टोमण्यांमुळे गप्प बसवला गेला. बाईंनी पडद्यावर तेराशे पाहिलं ते बरोबर पाहिलं. बाकी कसं झालं, ते मी कागदावर काढून दाखवतो. वेळ लागेल.”

वेळ लागला. अधीक्षकांनी चार प्रश्न विचारले, सगळे कडक. मग त्यांनी चौकशी समितीतल्या शेजारच्या बाईंशी हळू आवाजात बोलून घेतलं.

“निलंबन मागे घेतलंय. रेकॉर्ड ऑफिसचा नियम मोडल्याबद्दल मात्र लेखी समज मिळेल.”

“मिळू द्या,” शालन सिस्टर म्हणाल्या. “ड्यूटी कधीपासून?”

“उद्या सकाळची पाळी.”

बाहेर आल्यावर शालन सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, चपलेचा बंद लावायला खाली वाकल्या, आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. खांदे हलत होते. मी पुढे व्हायला निघाले, तर अनिरुद्ध सरांनी मान हलवून मला थांबवलं. ते सिस्टरांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्ये, सिस्टरांकडे पाठ करून उभे राहिले, आणि त्या उठेपर्यंत हलले नाहीत.